लडलोचं फेदर्स हॉटेल: मुळात सराई की वकिलाचं घर?

कडीपाट
इंग्लंडात श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या वेशीजवळ लडलो नावाचं बाजारपेठेचं गाव आहे. तिथल्या फेदर्स हॉटेलचा फोटो कुठे ना कुठे तुमच्या पाहण्यात आला असेल. काळी लाकडं, पांढरे चौकोन, छपराचे तीन त्रिकोणी माथे, वर जावं तसा रस्त्यावर पुढे येत गेलेला मजला, चौकटीचौकटींत शंकरपाळ्यांसारखी नक्षी आणि एक लांब सज्जा. बांधकामाचं साल १६१९.

त्याला सर्रास 'कोचिंग इन' म्हणतात, म्हणजे घोडागाडीच्या प्रवाशांची सराई. माझं घोडं तिथेच अडलंय. ते बांधलं रीस जोन्स नावाच्या वकिलानं, आणि सराई झाली १६७०च्या सुमारास. म्हणजे पन्नासेक वर्षं ते राहतं घर होतं. आता कागदपत्रं बाजूला ठेवू. नुसती लाकडं, जिने, खोल्यांची मांडणी बघून एखादी इमारत सराई म्हणूनच उभी राहिली की घराची सराई झाली, हे सांगता येतं का? आणि आज दिसणाऱ्या दर्शनी भागातलं मूळचं किती?

जाणकारांनी लिहावं. वाड्यांशी तुलना चालेल, पण 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' हा रस्ता कृपया टाळा.

टवाळ
वरचा मजला रस्त्यावर पुढे? आमच्याकडे याला अतिक्रमण म्हणतात आणि दंड भरून नियमित करून देतात. :)

सुतारपक्षी
टवाळ, तिकडेही रस्त्यावर किती पुढे यायचं यावरून नगरपालिकांची कुरकुर असायचीच.

या पुढे काढलेल्या मजल्याला जेटी म्हणतात. 'जास्त जागा मिळावी म्हणून' हे उत्तर सगळे देतात, ते अर्धंच खरं आहे. त्या काळी जमीन पेलणाऱ्या कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली ठेवून टाकायचे. अशी कडी मधे झुलते. तिचं टोक भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढलं आणि त्यावर वरच्या मजल्याची भिंत उभी केली की टोकावर वजन येतं, कडी तरफेसारखी होते आणि मधला झोल उचलला जातो. दुसरा फायदा लाकडाचा. सरळ जायची तर तीन मजली भिंतीला तीन मजले उंच सलग खांब हवेत. जेटी काढली की प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे, आठ-नऊ फुटांचे. असा ओक सहज मिळतो. शिवाय दोन मजल्यांचे सांधे एकाच खांबात खुपसावे लागत नाहीत, त्यामुळे खांब नेमका सांध्याशी कमजोर होत नाही.

१७व्या शतकापर्यंत कड्या उभ्या टाकायची पद्धत रुळत चालली होती, म्हणजे झोलाचा प्रश्न तसा उरला नव्हता. तरी फेदर्सला जेटी आहे. ती ऐटीसाठी.

नवखा
जेटी म्हणजे भाऊच्या धक्क्यावर असते तीच ना?

सुतारपक्षी
शब्द तोच, अर्थही तोच: पुढे आलेलं. फक्त खाली पाण्याऐवजी रस्ता.

मृण्मयी_लेस्टर
मूळ प्रश्नाकडे. सराई म्हणूनच बांधलेली इमारत कशी असते ते आधी बघू, मग फेदर्स त्यात बसतं का ठरवू.

लडलोसारख्या आखून वसवलेल्या गावांत प्लॉट रस्त्याला अरुंद आणि मागे लांबच लांब असतात. सराईवाल्याला घोडे, गाड्या, पेंढा, शेण हे सगळं मागे न्यायचं असतं आणि मागून दुसरी वाट असतेच असं नाही. म्हणून रस्त्याकडच्या इमारतीच्या पोटातूनच गाडी जाईल अशी कमान काढतात. आत अंगण, बाजूंना तबेले, आणि वरच्या खोल्यांना अंगणाकडून उघडे सज्जे. खोलीतून निघायचं, सज्ज्यावरून चालायचं, जिन्यानं अंगणात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं लागत नाही, हे महत्त्वाचं. अनोळखी लोक शेजारीशेजारी झोपणार असतील तर दुसरा उपायच नाही.

नमुना बघायचा तर ग्लॉस्टरचं न्यू इन. १४५०च्या सुमारास तिथल्या सेंट पीटर मठानं यात्रेकरूंसाठी बांधलेलं, अंगणाभोवतीचे सज्जे अजून शाबूत. लंडनला साउथवर्कचं जॉर्ज इन १६७६च्या आगीनंतर पुन्हा बांधलं, पण तिथे आता एकच बाजू उरलीय. बाकीच्या रेल्वे कंपनीनं १८८९ साली पाडल्या.

फेदर्सच्या दर्शनी भागात गाडीची कमान नाही. मधे माणसाचं दार आहे, नक्षीदार. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो.

बार्शीकर
म्हणजे अंगण, भोवती खोल्या, वर सज्जे. हा तर चौसोपी वाडाच झाला. (कडीपाट, रागावू नका.)

कडीपाट
रागावलो नाही, पण फरक आहे. वाड्याच्या चौकात घरचे लोक वावरतात आणि रस्त्याकडचं दार मुद्दाम आवळलेलं असतं. सराईत रस्ताच आत शिरतो.

गवंडी
मृण्मयी, नुसत्या कमानीवरून निकाल नको. घोडागाड्यांचा भर आल्यावर, म्हणजे १७८४ला टपालगाड्या सुरू झाल्या त्यानंतर, पुष्कळ जुन्या घरांत खालची एक खोली उडवून कमान काढली गेली. आणि उलटंही झालं. रेल्वे आली, गाड्या बंद पडल्या आणि मालकांनी कमान काचेनं बंद करून तिथे स्वागतकक्ष थाटला. लडलोला रेल्वे १८५२ साली पोचली. म्हणून आज कमान आहे की नाही यापेक्षा ती कधी केली किंवा कधी बुजवली ते बघावं लागतं.

मृण्मयी_लेस्टर
मान्य. पण ते बघायचं कसं? दोन्ही बाबतींत वरून गिलावा सारखाच दिसतो.

सुतारपक्षी
रिकाम्या सालीवरून, म्हणजे सांध्याच्या रिकाम्या खाचेवरून.

जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गंमत इथेच आहे. या चौकटी कूस आणि साल पद्धतीनं जोडतात. आडव्या लाकडात साल पाडायची, उभ्याच्या टोकाला कूस (त्या खाचेत बसणारी जीभ) काढायची, आत बसवायची आणि आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकायची. खिळा कुठेच नाही. खुंटीची भोकं मुद्दाम चुकवलेली असतात. कुशीतलं भोक सालीतल्या भोकापेक्षा दोन-तीन मिमी खांद्याच्या (कूस जिथून सुरू होते त्या) बाजूला. खुंटी ठोकत गेलं की ती कुशीला आत ओढते आणि सांधा आवळतो. खुंटी वाळलेल्या ओकची, करवतीनं न कापता फोडून काढलेली, म्हणजे तिचे धागे अखंड राहतात. जाडी साधारण २० ते २५ मिमी, टोकाला निमुळती.

आता समजा नंतर कोणी कमान काढली. मधले दोन उभे काढावे लागणार. उभे जातात, पण वरच्या तुळईच्या पोटात त्यांच्या साली तशाच राहतात आणि तुळईच्या बाजूला खुंट्यांची भोकं दिसतात. कमानीखाली उभं राहून विजेरी तिरपी मारली की दीड-दोन इंच रुंद, हातभर अंतरानं आयताकृती खाचांची रांग दिसते. दिसली तर समजायचं, इथे भिंत होती. उलट कमान मूळचीच असेल तर दोन्ही बाजूंचे खांब इतरांपेक्षा जाड असतात, त्यांचं डोकं वर रुंदावत गेलेलं असतं, आणि वरच्या तुळईत साल सापडत नाही.

पण रिकामी साल दिसली की 'जहाजाचं जुनं लाकूड वापरलंय' अशी कथा सांगणारे भेटतात. समुद्रापासून पार आत असलेल्या गावांतही भेटतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती कथाच असते. लाकूड जुन्या घराचं असतं, नाहीतर तिथली भिंत हलवलेली असते.

चुनाभट्टी
सुतारपक्षी, एक भर. खांबांवरच्या खुणाही बघाव्यात. चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवायची, प्रत्येक सांध्यावर आकडे खोदायचे, सुटी करायची आणि गाडीतून जागेवर आणून उभी करायची. आकडे रोमन, कारण पटाशीनं सरळ रेघा मारणं सोपं. चारला चार रेघाच मारतात. पाचाच्या डावीकडे एक रेघ अशी खूण केली तर लाकूड उलटं धरल्यावर ती सहासारखी वाचली जाते. आकडे एका टोकापासून क्रमानं लागत गेले तर चौकट एका दमात उभी राहिलेली. मधेच सात, आठ आणि एकदम तीन आलं तर तिथे कोणीतरी हात घातलाय.

टवाळ
म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं 'सूचनापत्रकानुसार जोडा' फर्निचर. शेवटी दोन खुंट्या उरत असतील का?

सुतारपक्षी
खुंट्या उरत नाहीत, पण शेपट्या उरतात. ठोकून झाल्यावर इंचभर टोक बाहेर ठेवायचे, लाकूड वाळून सांधा सैल झाला की पुन्हा ठोकायला. बऱ्याच इमारतींत ती टोकं अजून तशीच आहेत.

नवखा
वाळलेलं लाकूड वापरलं तर सैल होणारच नाही ना? आपल्याकडे सागवान वर्षानुवर्षं मुरवून मग वापरतात.

सुतारपक्षी
ओक वाळला की दगड होतो, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) उडतो. म्हणून ओलाच कापायचा, ओलाच जोडायचा. आणि थांबणार किती? फळी वाळायला जाडीच्या इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब आहे, मग दहा-बारा इंची तुळईला किती लागेल बघा. वाळताना ओक लांबीत जवळपास आकसत नाही, पण वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं सात-आठ टक्के आणि गाभ्याच्या दिशेनं साधारण चार टक्के आकसतो. ३०० मिमी रुंद तुळई १२ ते २४ मिमी कमी होते. त्या फटी, ते पीळ, ती वाकडी खिडकी हे सगळं पहिल्या वीस-तीस वर्षांतच होऊन गेलेलं असतं. पर्यटक ज्याला 'चारशे वर्षांनी वाकलं' म्हणतात ते बहुतेक रीस जोन्सच्या डोळ्यांदेखत वाकलेलं असणार.

सागवान आकसतंच कमी. म्हणून वाड्याच्या सांध्यात भोकं चुकवायची एवढी गरज पडत नाही. दोन्ही सुतार हुशार, लाकूड वेगळं.

पाऊसपाणी
चौकटीतले पांढरे भाग कशाचे? विटा?

चुनाभट्टी
मूळचा कूड. अगदी कोकणातल्या कारवीच्या कुडासारखा, फक्त कारवीऐवजी हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या. वरच्या आडव्या लाकडाच्या पोटात भोकं, खालच्याच्या पाठीवर सलग खोबण. ओकची फोडलेली उभी पट्टी वर भोकात घालायची आणि खालचं टोक खोबणीतून सरकवत जागेवर आणायचं. मग हेझलच्या ओल्या काठ्या आतबाहेर विणायच्या. त्यावर चिकणमाती, वाळू, बारीक कापलेला पेंढा आणि शेण यांचा काला, दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थापायचा म्हणजे मधे एकमेकांत रुततो. वाळला की कडेनं फट पडते, ती दुसऱ्या थरात भरायची. वरून केस घातलेला चुन्याचा पातळ गिलावा: एक भाग मुरलेला चुना, तीन भाग कंगोरेदार वाळू. शेवटी चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात.

गवंडी
शेण लागतंच असं नाही. ताकद पेंढ्यामुळे येते. माती योग्य असेल तर शेणाशिवायही टिकतं.

चुनाभट्टी
टिकतं, पण हाताला मऊ लागत नाही आणि पावसाच्या माऱ्याला लवकर झिजतं. शेणातले बारीक धागे आणि चिकटपणा दोन्ही उपयोगाचे. पेंढा तडे थांबवतो, शेण थापणं सोपं करतं. दोघांची कामं वेगळी.

बार्शीकर
आजीला विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं.

पाऊसपाणी
मग आता दुरुस्तीला सिमेंट का नको? ते तर पाणी आत येऊच देत नाही.

चुनाभट्टी
येऊ देत नाही हा गैरसमज. लाकूड उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते आणि पाणी तिथून आत ओढलं जातं. आत गेलेलं पाणी चुन्यातून वाळून गेलं असतं, सिमेंटमागे ते अडकतं. मग ते खाली उतरत जातं आणि जमिनीलगतच्या आडव्या तुळईवर साचतं. बाहेरून रंग चकचकीत, आत पेन्सिल अर्ध्यापर्यंत खुपसता येते. त्यात काहीजण ती फट सिलिकॉननं बुजवतात, म्हणजे उरलासुरला मार्गही बंद.

ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ओकला सहसा काही होत नाही. वर गेला की बुरशी, आणि बुरशीनं मऊ केलेल्या लाकडात डेथवॉच भुंगेरा. त्याचं बाहेर पडायचं भोक तीनेक मिमी, अळी आत दहा-दहा वर्षं काढू शकते. औषध फवारून फारसं साधत नाही, अळी खोल असते. पन्हळ दुरुस्त करा, सिमेंट काढा, हवा खेळू द्या. साधा भुंगेरा वेगळा. त्याची भोकं दीड-दोन मिमीची, आणि ओकमध्ये तो फक्त बाहेरचं कच्चं लाकूड खातो. तो दिसला म्हणून तुळई बदलायची गरज नाही.

थंडीत चुन्याचं काम काढू नका, हेही लिहून ठेवतो. पाच अंशांखाली चुना धरत नाही, आणि ओला असताना गोठला तर पापुद्रे सुटतात.

टवाळ
डेथवॉच. भुंगेऱ्याचं नाव असावं तर असं.

मृण्मयी_लेस्टर
मादीला बोलावताना तो डोकं लाकडावर आपटतो, टकटक ऐकू येते. रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांना ती ऐकू यायची, म्हणून नाव.

कडीपाट
काळ्यापांढऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

मृण्मयी_लेस्टर
तो पोशाख बराचसा १९व्या शतकातला आहे. त्याआधी ओक बहुधा तसाच सोडायचे, तो रुपेरी करडा होतो, किंवा लाकूड आणि भिंत दोन्हींवर एकच सफेदी, कधी पिवळ्या मातीची छटा घालून. डांबरासारखा काळा रंग देऊन उठाव आणायची हौस नंतरची, आणि तो रंग लाकडाचा श्वास कोंडतो. फेदर्सचा सज्जाही १९व्या शतकातला, नंतर लावलेला. म्हणजे कडीपाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चौकट आणि कोरीवकाम १६१९चं, रंगसंगती आणि सज्जा नंतरचे. नावातली पिसं मात्र जुनी आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सच्या बोधचिन्हातली शहामृगाची पिसं दर्शनी लाकडावर कोरलेली होती, त्यांच्या खुणा अजून दिसतात. १६१६ साली राजपुत्र चार्ल्सला तो किताब मिळाला आणि वेल्सचा कारभार बघणारं मंडळ लडलोच्या किल्ल्यात बसायचं. रीस जोन्स त्याच दरबारातला वकील. पक्षकारांच्या डोळ्यांत भरावं म्हणून घर असं सजवलं असणार, हा माझा अंदाज.

गवंडी
म्हणजे दर्शनी भाग ही वकिलाची पाटी.

तिरकी_तुळई
उशिरा आले. वाचनखूण साठवली.

सगळे लाकूड बघताहेत, मी विरुद्ध बाजूनं सांगते. पुष्कळ सरायांना जुनी लाकडी चौकट लपवायची होती. १८व्या शतकात लाकूड जुनाट वाटू लागलं, म्हणून पुढे विटांचा किंवा दगडाचा नवा चेहरा चढवला, सरकत्या तावदानांच्या खिडक्या रांगेत लावल्या, आत सगळं तसंच. लडलोतच फेदर्ससमोरची बुल नावाची सराई बघा. पुढून साधं, बोळातून अंगणात शिरलं की लाकडी चौकट. तो तुमचा सराईचा खरा आराखडा.

असा चढवलेला चेहरा ओळखायची सोपी खूण म्हणजे खिडकीची आतली बाजू. खिडकीची खोली नको तेवढी जास्त, आणि आतली तुळई खिडकीच्या मधोमध आडवी येते. बाहेरून खिडक्या एका ओळीत, आत जमीन मात्र तीन पायऱ्या वरखाली. स्टॅमफर्ड गावातल्या जॉर्ज नावाच्या सराईची गंमत अशी की तिथे दोन्ही काळ एकत्र आहेत. १५९७ साली विल्यम सेसिल म्हणजे लॉर्ड बर्ली यांनी बांधवून घेतलेलं, आणि पुढे लंडन-यॉर्क महामार्गावरच्या गाड्यांची वर्दळ वाढल्यावर दर्शनी भाग बदललेला. आत दोन दालनांवर 'लंडन' आणि 'यॉर्क' अशी नावं आहेत, ज्या दिशेची गाडी त्या दालनात थांबायचं. दिवसाला वीस गाड्या एका दिशेला, वीस दुसऱ्या. इमारतीचा आराखडाच वेळापत्रकानं ठरवलेला.

बार्शीकर
स्वारगेटला अजून हे जमलेलं नाही.

टवाळ
स्टॅमफर्ड म्हणजे त्या लठ्ठ माणसाचं गाव ना?

मृण्मयी_लेस्टर
हो, डॅनिअल लँबर्ट. वजन ५२ स्टोन ११ पौंड, म्हणजे ३३५ किलो. जून १८०९ मध्ये स्टॅमफर्डला दुसऱ्या एका सराईत वारला. शवपेटीला चाकं लावावी लागली आणि ती बाहेर काढायला खिडकीसकट भिंत पाडावी लागली. विषयांतर म्हणू नका. दाराच्या रुंदीवर यापेक्षा चांगला धडा नाही.

नकाशेवाला
घराची सराई आणि सराईचं आधुनिक हॉटेल होताना सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं? न्हाणीघरानं.

प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम हवं. सांडपाण्याच्या नळाला उतार हवा, साधारण चाळीसात एक. जुन्या जमिनीत कड्या आडव्या येतात, उतार मिळत नाही, म्हणून नळकाम करणारा कडीला वरून खाच मारतो. तीन इंच खोल खाच म्हणजे सहा इंचांची कडी तीन इंचांची झाली. वर टब, दीड-दोनशे लिटर पाणी आणि आत बसलेला माणूस. राहत्या घराची जमीन आजच्या हिशोबात दर चौरस मीटरला दीडशे किलोची धरतात, हॉटेलच्या खोलीची दोनशेची. योग्य पद्धत अशी की जमिनीला हात न लावता वर चौथरा उचलायचा आणि नळ त्याच्या पोटातून बाहेरच्या भिंतीकडे न्यायचे. जुन्या हॉटेलांत न्हाणीघरात शिरताना एक पायरी चढावी लागते ती यामुळे. पाहुणे वैतागतात, इमारत वाचते. चौथऱ्याखाली गळती दिसेल असं झाकण ठेवायला मात्र लोक विसरतात, आणि मग खालच्या दिवाणखान्याचं छत फुगल्यावरच कळतं.

दुसरं आग. जाड ओकची भीती नाही, तो मिनिटाला अर्धा मिमीच्या आसपास कोळसा होत जातो, अर्ध्या तासात पंधरा मिमी. आत गाभा शाबूत. खरी भीती कुडामागच्या आणि जमिनीच्या पाटांखालच्या पोकळ्यांची. धूर तिथून मजलेच्या मजले चढतो. १९७१च्या अग्निसुरक्षा कायद्यानंतर हॉटेलांना प्रमाणपत्र लागू लागलं तेव्हा कित्येक ठिकाणी जुनी पातळ फळ्यांची दारं उखडून सपाट दारं बसवली. आता दार ठेवतात, कडेला उष्णतेनं फुगणारी पट्टी बसवतात, फळ्यांवर फुगणारा लेप देतात, आणि आग अडवायला तीस मिनिटं मिळवतात.

पाऊसपाणी
छतावरून आठवलं. फेदर्समध्ये वरच्या दालनाला नक्षीदार गिलाव्याचं छत आहे ना, राजचिन्हवालं? ते पडत नाही कसं?

चुनाभट्टी
छताला खालून बारीक लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्या फटींतून ओला चुना वर दाबला जातो, वरच्या बाजूला तो वळून अडकतो. त्या अडकलेल्या गुठळ्यांवर सगळं छत लोंबकळतं. वरच्या खोलीत जड सामान आपटलं, मोठा हादरा बसला की गुठळ्या तुटतात. तळहातानं हलकेच दाबून बघायचं, छत हललं तर सुटलंय. खालून स्क्रू मारायचे नाहीत. खालून मऊ पॅड लावून टेकू द्यायचा, वरचे पाट उचलून तुटलेल्या गुठळ्यांचा चुरा शोषून काढायचा आणि न गंजणारी जाळी घालून वरूनच नवा पकड देणारा थर ओतायचा.

तिरकी_तुळई
आणि हे छत पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे आहे हाही पुरावाच की! यजमानाची सर्वांत भारी खोली वर, समोरच्या बाजूला. घराची मांडणी अशीच. सराईवाला राजचिन्हाचं छत करण्याऐवजी तेवढ्या पैशात मागे दोन खोल्या आणखी काढेल.

गवंडी
पटलं. तरी विरुद्ध बाजू मांडतो. बड्या सराईतही एखादं भारी दालन असायचंच, न्यायाधीश आणि सरदार उतरायचे. एका छतावरून घर म्हणता येणार नाही.

सुतारपक्षी
म्हणून सगळं एकत्र धरायचं. गाडीची कमान नाही. अंगणाकडून खोल्यांना स्वतंत्र वाट नाही, खोल्या आतून एकमेकींशी जोडलेल्या. शेकोट्यांवर कोरीवकाम, म्हणजे खोल्या राहण्यासाठी, भाड्यानं देण्यासाठी नव्हेत. आणखी एक तपासता येईल: आतल्या दारांच्या चौकटी. मोकळ्या खोल्यांतून वाट काढून मार्गिका केली असेल तर त्या पडद्या भिंती नक्षीदार छताच्या मधेच येऊन आदळतात. नक्षी भिंतीपलीकडे चालू राहिली तर भिंत नंतरची.

नवखा
लाकडाचं वय काढता येत नाही का? झाडाच्या वर्तुळांवरून?

सुतारपक्षी
येतं. लाकडात भोक पाडून बारीक कांडीसारखा नमुना काढतात, साधारण पन्नासाहून जास्त वर्तुळं हवीत. झाडाच्या सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शिल्लक असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं तेही कळतं. कच्चं लाकूड तासून गेलं असेल तर अंदाजी पट्टाच मिळतो. ओलं लाकूड लगेच वापरायचे, म्हणून तोडीचं साल म्हणजे जवळपास बांधकामाचं साल. पण त्यावरून इमारत कधीची ते कळेल, कशासाठी ते नाही. कडीपाट यांचा प्रश्न 'कशासाठी'चा आहे.

कडीपाट
अगदी. माझा कल आता घराकडे. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह काढावं म्हणतो. फक्त एक शंका. पुढच्या दाराच्या कुलपाच्या पट्टीवर आर आणि आय अशी अक्षरं आहेत म्हणतात. रीस जोन्स तर आर आणि जे व्हायला हवं. हा मालक दुसराच कोणी निघाला तर?

मृण्मयी_लेस्टर
तोच. तेव्हा कोरीव मोठ्या अक्षरांत आय आणि जे एकच असायचे. आय म्हणजे जोन्सच.

गवंडी
पण कुलूप दारासकट दुसरीकडून आणता येतं. प्रश्नचिन्ह राहू द्या.